दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला का? ‘एक्स्पिएशन’ या शब्दावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अ‍ॅडलेडच्या एका वाचकाचा प्रश्न नुसता छापला होता, उत्तर पुढच्या वेळी देतो म्हटलं होतं. मधल्या काळात त्याच शब्दावर अजून काही मेल आले, म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्या एका शब्दालाच दिलाय. ज्यांचे बाकीचे प्रश्न राहिलेत त्यांनी थोडं थांबा, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : साऊथ ऑस्ट्रेलियात आम्ही नवीनच राहायला आलोय. परवा गाडी स्पीड कॅमेऱ्यात सापडली आणि घरी नोटीस आली, त्यावर मोठ्या अक्षरात ‘एक्स्पिएशन नोटीस’. डिक्शनरीत बघितलं तर अर्थ दिलाय प्रायश्चित्त, पापक्षालन. गाडी जोरात चालवल्याच्या दंडाला पापक्षालन का म्हणतात? आणि हा दंड भरला तर मी गुन्हा कबूल केला असं धरतात का? – एक वाचक, अ‍ॅडलेड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे आणि पहिल्याची किल्लीही त्यातच आहे. तुमच्या राज्यात ‘एक्स्पिएशन ऑफ ऑफेन्सेस अ‍ॅक्ट’ नावाचा १९९६ चा कायदा आहे, ही नोटीस त्याखाली येते. साधारण २८ दिवसांची मुदत असते, त्यात फी भरली की विषय संपला, कोर्ट नाही, नावावर शिक्षेची नोंद नाही, आणि त्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की पैसे भरले याचा अर्थ गुन्हा कबूल केला असा होत नाही. आपली चूक नाही असं वाटत असेल तर फी न भरता ‘माझ्यावर खटला चालवा’ असं सांगायचीही सोय आहे. म्हणजे सरकार तुम्हाला पश्चात्ताप झाला का असं विचारतच नाहीये, मनात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, जे बिघडलं त्याची ठरलेली किंमत ठेवा आणि जा, एवढंच.

आणि गंमत अशी की या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ नेमका हाच आहे! डिक्शनरीतलं पापक्षालन नंतरचं. ख्रिस्ती धर्मातून येताना शब्दाला पापाचा, अश्रूंचा, मनाच्या टोचणीचा रंग चढला, पण रोममध्ये तो जन्मला तेव्हा त्यात मनाचा भाग फार थोडा होता.

लॅटिनमध्ये ‘पियुस’ असं विशेषण आहे. इंग्रजीतला ‘पायस’ त्यावरूनच आला, पण पायस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवदेव करणारा भाविक माणूस येतो आणि रोमन पियुस काही तसा नव्हता. देव, आईबाप, घराणं, देश या सगळ्यांचं आपल्यावर जे देणं आहे ते चोख पाळतो तो पियुस. त्या गुणाला म्हणायचे ‘पिएतास’, आणि इंग्रजीतले पायटी आणि पिटी हे दोन्ही शब्द फ्रेंचमार्गे त्याच एका पिएतासमधून आलेत. पियुसवरून क्रियापद झालं ‘पियारे’, म्हणजे देवाबरोबर बिघडलेलं पुन्हा नीट करणं, शांत करणं, शुद्ध करणं. त्याला पुढे ‘एक्स’ लागला, पुरतं, शेवटपर्यंत अशा अर्थाने, आणि ‘एक्स्पियारे’ तयार झालं. त्याचं नाम ‘एक्स्पियातियो’, तेच इंग्रजीत एक्स्पिएशन.

याच घरातला अजून एक शब्द आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, ‘पियाकुलुम’. देवाला शांत करायला जो बळी द्यायचा तो पियाकुलुम, आणि ज्या कृत्यामुळे तो द्यायची वेळ आली ते कृत्यही पियाकुलुमच. दोष आणि त्याचा उतारा, दोन्हीला एकच शब्द. यावरून त्या लोकांची विचार करायची पद्धत कळते, एखादी गोष्ट बिघडली म्हणजे एक खातं उघडलं आणि ते बंद करणं हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग.

थोरला केटो नावाच्या रोमन राजकारण्याचं शेतीवरचं पुस्तक आहे, इसवीसनपूर्व १६० च्या आसपासचं, त्यात द्राक्षांची लागवड, तेलाचे घाणे, गुलामांना किती धान्य द्यायचं असल्या व्यवहारी गोष्टींच्या मधोमध एक विधी दिलाय. राईतली झाडं विरळ करायची असतील तर कुऱ्हाड लावायच्या आधी डुकराचा पियाकुलुम द्यायचा आणि म्हणायचं, ‘तू देव असशील किंवा देवी असशील, ही जागा ज्याची आहे त्या तुला’, आणि मग पुढची प्रार्थना. राई कोणाची आहे हेही त्याला नक्की माहीत नाही बघा! आपल्याकडे कोकणात आणि घाटावर देवराया आहेत, तिथली फांदी तोडायची तर देवाला विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही, त्यामुळे हे वाचताना मराठी माणसाला काही परकं वाटू नये. केटोच्या शेतकऱ्याने अजून काहीही चुकीचं केलेलं नाहीये, करणार आहे, आणि त्याची भरपाई तो आधीच देऊन ठेवतोय. त्याच पुस्तकात थोडं पुढे शेताभोवती डुक्कर, मेंढा आणि बैल अशा तीन जनावरांची कोवळी पिल्लं फिरवून मार्स देवाला द्यायचा विधी आहे, तिथे तर असंही सांगितलंय की या बळीने समाधान झालं नाही असं दिसलं तर पुन्हा दुसरा द्या आणि म्हणा की मागच्यात काही कमी राहिलं असेल तर हा त्याचा पियाकुलुम.

अजून एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. रोमच्या बाहेर देआ दिया नावाच्या देवीची राई होती आणि आर्वाल बंधू नावाची पुजाऱ्यांची मंडळी तिची व्यवस्था बघायची. त्यांनी आपल्या कामाच्या नोंदी संगमरवरावर कोरून ठेवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच सापडल्यात. इसवीसन १८३ ची नोंद अशी की देवळाच्या शिखरावर अंजिराचं झाड उगवलं. आपल्याकडे हेमाडपंथी देवळांच्या भिंतीत पिंपळ उगवतो ना, अगदी तसंच. ते काढायचं तर देवळाच्या वर लोखंडी हत्यारं न्यावी लागणार, दुरुस्ती करावी लागणार, आणि या सगळ्यासाठी काम सुरू करायच्या आधी बळी, काम संपल्यावर पुन्हा बळी. त्यात तीन देवतांची नावं येतात ज्या बहुतेक त्या कामापुरत्याच असाव्यात, देफेरुंदा म्हणजे झाड खाली उतरवणारी, कोम्मोलेंदा म्हणजे त्याचे तुकडे करणारी, आदोलेंदा म्हणजे ते जाळणारी. एका झाडाला काढायच्या प्रत्येक पायरीला एक देवता! इतकंच काय, या नोंदी कोरायला लोखंडाची छिन्नी राईत न्यायची म्हटलं तरी त्याचाही पियाकुलुम व्हायचा.

यात पाप कुठेय सांगा? कोणी वाईट वागलेलंच नाही. झाड तर काढायलाच हवं होतं.

आता तुमच्या नोटिशीशी सरळ जुळणारी गोष्ट सांगतो. रोमन कॅलेंडरमध्ये काही दिवस न्यायदानाला बंद असायचे. त्या दिवशी प्रेटर, म्हणजे न्यायाचा मुख्य अधिकारी, त्याने ‘देतो, सांगतो, बहाल करतो’ हे तीन ठरलेले शब्द उच्चारायचे नाहीत. समजा विसरून उच्चारले आणि एखाद्या गुलामाला त्या दिवशी मुक्त केलं तर काय? वार्रो नावाच्या विद्वानाने लॅटिन भाषेवरच्या आपल्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय : गुलाम सुटतो, ते काही मागे घेत नाहीत, फक्त त्या कृत्याला दोष लागलेला असतो. प्रेटरने नकळत केलं असेल तर पियाकुलुमचा बळी देऊन तो मोकळा होतो. पण जाणूनबुजून केलं असेल तर? तेव्हाचा मोठा कायदेपंडित आणि मुख्य पुरोहित क्विंतुस मुकियुस स्केवोला, जो इसवीसनपूर्व ८२ मध्ये मारला गेला, तो म्हणायचा की अशा माणसाचं एक्स्पिएशन होऊच शकत नाही, तो इंपियुस, म्हणजे पियुसच्या उलट. म्हणजे भरपाईची खिडकी फक्त नकळत घडलेल्या दोषाला उघडी, मुद्दाम केलेल्याला बंद.

साऊथ ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचं वळण पुष्कळसं तसंच आहे. किरकोळ गुन्हे फी भरून मिटतात, मोठे मिटत नाहीत, त्यांना कोर्टातच जावं लागतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात स्केवोला होता असं मी म्हणत नाही, पण त्यांनी शब्द निवडला तो अगदी जागेवर बसला. तेव्हा पापक्षालन हा अर्थ मनातून काढून टाका, २८ दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि गाडी हळू चालवा.

प्रश्न : मग एक्स्पिएशन आणि आपलं प्रायश्चित्त एकच का? आणि प्रायश्चित्तात तरी पश्चात्ताप लागतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एकच नाही, पण जितकं वाटतं त्यापेक्षा जवळ आहेत.

प्रायश्चित्त शब्दाची फोड आपल्या स्मृतिकारांनी दिलीय ती अशी, ‘प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते’, म्हणजे प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, दोन्ही मिळून प्रायश्चित्त. ही फोड नंतर बसवलेली दिसते. त्याआधी वेदांत ‘प्रायश्चित्ति’ असा शब्द येतो आणि तो बऱ्याच ठिकाणी यज्ञातल्या चुकांसाठी आहे, आहुती सांडली, अग्नी विझला, भांडं फुटलं, मंत्र चुकला, की त्यावर दुसरी आहुती. हे आर्वाल बंधूंच्या अंजिराच्या झाडाला अगदी समांतर आहे. आजही घरच्या पूजेच्या शेवटी गुरुजी ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं’ म्हणायला लावतात, ते याच वळणाचं, काय कमी राहिलं ते मला माहीत नाही पण जे राहिलं असेल ते पूर्ण धरून घे.

आणि इटलीतही हुबेहूब असं वाक्य आहे. गुब्बियो नावाच्या डोंगरातल्या गावात १४४४ मध्ये ब्राँझचे सात पत्रे सापडले, उम्ब्रियन भाषेतले, लॅटिनची बहीणच म्हणा. त्यात गावाच्या शुद्धीचा विधी आहे, वेशीबाहेर ज्युपिटर ग्राबोवियुस या देवाला तीन बैल द्यायचे. पियाकुलुमला तिथे ‘पिहाक्लु’ म्हटलंय. प्रार्थना अशी की डोंगरावर आग लागली असेल किंवा गावात एखादा विधी चुकला, राहून गेला असेल, तर ते मुद्दाम झालेलं नाही असं धर. हे वाचलं तेव्हा मला मंत्रहीनं क्रियाहीनंच आठवलं. हे पत्रे आजही गुब्बियोच्या म्युझियममध्ये आहेत, त्या बाजूला कोणी फिरायला जाणार असेल तर चुकवू नका.

आता पश्चात्तापाचं. स्केवोलाचा जो प्रश्न होता, नकळत की जाणूनबुजून, तोच प्रश्न आपल्या धर्मशास्त्रातही अगदी तस्सा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ‘अकामतः कृते पापे प्रायश्चित्तं विदुर्बुधाः’ असं आहे, नकळत झालेल्या पापाला प्रायश्चित्त आहे असं जाणते म्हणतात, आणि लगेच पुढे, काही जणांच्या मते मुद्दाम केलेल्यालाही आहे. याज्ञवल्क्य अजून स्पष्ट आहे. तो म्हणतो अज्ञानाने झालेलं पाप प्रायश्चित्ताने जातं, मुद्दाम केलेलं असेल तर माणूस फक्त ‘व्यवहार्य’ होतो. म्हणजे पाप राहतंच, पण लोक त्याच्याशी पुन्हा व्यवहार करू शकतात, पंक्तीला घेऊ शकतात, बोलू शकतात. हा फरक फार मोलाचा आहे आणि आपण प्रायश्चित्त हा शब्द वापरताना तो साफ विसरून गेलोय. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड बघावा, १९५३ चा आहे, प्रायश्चित्ताचा इतका सविस्तर विचार दुसरीकडे मिळणं अवघड. काणे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं.

मात्र एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्याच मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्राह्मणाच्या हत्येला जे प्रायश्चित्त त्याचा चौथा भाग क्षत्रियाच्या हत्येला, आठवा वैश्याच्या आणि सोळावा शूद्राच्या. माणसाच्या जिवाची किंमत अपूर्णांकात! महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पुढाकाराने हा ग्रंथ जाळला गेला त्यामागे असल्याच गोष्टी होत्या. भरपाईची कुठलीही पद्धत बघताना दर कोण ठरवतं आणि कोणासाठी ठरवतं हे आधी बघावं लागतं, रोममध्येही आणि इथेही.

‘व्यवहार्य’ म्हणजे काय हे समजायला पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण चांगलं आहे. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एका कार्यक्रमाला पुण्यातली मोठमोठी मंडळी गेली, रानडे होते, टिळक होते. चहा बिस्किटं पुढे आली. नंतर कोण कोण होतं ती नावं छापून आली आणि सनातनी मंडळींनी गदारोळ केला, ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आता चहा पिणं हे पाप आहे असं न्यायमूर्तींना वाटत होतं का? अजिबात नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे आणि तो वाचताना कळतं की बहिष्कारामुळे मित्रांच्या घरी जे हाल चालले होते ते संपावेत हा विचार त्यामागे होता. सुधारक मंडळींनी यावरून त्यांना खूप बोल लावले. मला मात्र वाटतं त्यांनी काय केलं हे याज्ञवल्क्याला बरोबर कळलं असतं, मनाने नाही, व्यवहारापुरतं. ते योग्य होतं का यावर वाद होऊ शकतो, माझं स्वतःचं मत असं की ज्यांनी अन्याय केलाय त्यांच्यापुढे निर्दोष माणसाने वाकावं लागणं ही त्या काळच्या समाजाची लाज आहे, रानड्यांची नाही.

जाता जाता, रोमन एक्स्पिएशनचा एक मोठा भाग आपल्या प्रायश्चित्तासारखा नसून ‘शांत’ करण्यासारखा आहे. मूळ नक्षत्रावर मूल जन्मलं की मूळशांत, घर बांधलं की वास्तुशांत, यात कोणाचा गुन्हा नसतो. तसंच रोममध्ये आल्बान डोंगरावर दगडांचा पाऊस पडल्याची बातमी आली की नऊ दिवसांचा विधी, वीज कुठे पडली की ती जागा बळी देऊन कुंपण घालून बंद. पण हेही सांगायला हवं की याच भीतीतून भयंकर गोष्टी झाल्या. इसवीसनपूर्व २१६ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने कान्नाय या गावी रोमचं सैन्य कापून काढलं तेव्हा देव कोपलेत म्हणून भर बाजारात एक गॉल बाई पुरुष आणि एक ग्रीक बाई पुरुष जिवंत पुरले. रोमन इतिहासकार लिवी स्वतः म्हणतो की हा विधी रोमन पद्धतीचा नव्हताच. नरबळीवर सेनेटची बंदी आली ती इसवीसनपूर्व ९७ मध्ये, म्हणजे शंभरहून जास्त वर्षांनी.

प्रश्न : भरपाई करायची ठरवली पण करता आलीच नाही असं कधी झालंय का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : झालंय, आणि ही गोष्ट लिवीनेच सांगितलीय.

क्विंतुस फुल्वियुस फ्लाक्कुस नावाचा एक मोठा माणूस. स्पेनच्या लढाईत त्याने नवस बोलला होता की जिंकलो तर घोडदळाच्या फोर्चुना देवीचं देऊळ बांधीन. पुढे तो सेन्सॉर झाला, म्हणजे रोममधलं अतिशय मानाचं पद, आणि देऊळ असं बांधायला घेतलं की रोममध्ये त्याच्या तोडीचं दुसरं नको. त्यासाठी संगमरवरी कौलं हवी होती. इटलीच्या पार दक्षिणेला क्रोतोनेजवळ समुद्रकाठी जुनो लाकिनिया या देवीचं जुनं, प्रसिद्ध देऊळ होतं, इसवीसनपूर्व १७३ मध्ये हा तिथे गेला आणि त्याचं अर्धं छप्पर उतरवून कौलं जहाजात भरली. तिथले लोक गप्प बसले कारण सेन्सॉरच्या अंगावर कोण जाणार. रोममध्ये कौलं उतरवायला लागल्यावर कुठून आली ते लपणार कसं? सेनेटमध्ये ओरडा झाला, ज्याच्या हातात देवळांची डागडुजी करून घ्यायचं काम त्यानेच देऊळ उघडं पाडावं, आणि तेही एका देवाचं ओरबाडून दुसऱ्याचं सजवायला! एकमताने ठरलं, कौलं परत न्यायची, जुनोला पियाकुलुम द्यायचा.

बळी वगैरे व्यवस्थित झाले. कौलं परत गेली. पण ज्या ठेकेदारांनी ती नेली त्यांनी येऊन सांगितलं की कौलं देवळाच्या आवारात ठेवून आलोय, कारण ती पुन्हा बसवायची कशी हे तिथल्या एकाही कारागिराला जमेना.

पुढच्या वर्षी फ्लाक्कुसची दोन मुलं इलिरियाच्या मोहिमेवर होती, एक वारल्याची आणि दुसरा अत्यवस्थ असल्याची बातमी आली. सकाळी नोकर खोलीत गेले तर हा गळफास घेतलेला. लोक म्हणाले जुनोचा कोप. तो स्वतः पुरोहितांपैकी एक होता हे लक्षात घ्या, काय केलं की काय भरावं लागतं हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि केलं तेही कळून सवरून. मला ही गोष्ट देवीच्या कोपापेक्षा त्या कौलांमुळे खरी वाटते. विधी शंभर टक्के पूर्ण, कागदावर खातं बंद, आणि छप्पर तसंच उघडं. त्या जागेला आता कापो कोलोन्ना म्हणतात, देवळाचा एकच खांब उभा आहे.

उलट टोकाचीही एक गोष्ट लिवीकडेच आहे. होरातियुस नावाच्या रोमन वीराने लढाईतून परत येताना बहिणीला मारलं, ती शत्रूपक्षातल्या आपल्या वाग्दत्तासाठी रडली म्हणून. हे काही नकळत नव्हतं. तरी लोकांनी वडिलांकडे बघून त्याला सोडलं, फक्त वडिलांना सरकारी खर्चाने त्याचं एक्स्पिएशन करायला लावलं, आणि वडिलांनी रस्त्यावर आडवा वासा टाकून, मुलाचं डोकं झाकून त्याला त्याखालून जायला लावलं. लिवीच्या काळापर्यंत तो वासा सरकारी खर्चाने दुरुस्त करत होते, ‘बहिणीचा वासा’ म्हणायचे त्याला. स्केवोलाचा नियम इथे कुठे गेला असं विचारलंत तर उत्तर एवढंच की पराक्रमी मुलासाठी नियम वाकतो, तेव्हाही वाकायचा.

प्रश्न : आमच्याकडे बायबलच्या इंग्रजी प्रतींत एकाच ओळीत कुठे ‘प्रोपिशिएशन’ तर कुठे ‘एक्स्पिएशन’ असतं. दोन्हीत फरक काय? – एक वाचक, वसई

उत्तर : रोमकरांस पत्र, तिसरा अध्याय, पंचविसावी ओवी, हीच ना? १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तिथे प्रोपिशिएशन आहे आणि रिव्हाइज्ड स्टँडर्डच्या नव्या करारात, १९४६ मध्ये, एक्स्पिएशन केलं. प्रोपिशिएशन लॅटिन ‘प्रोपितियुस’वरून, म्हणजे अनुकूल, प्रसन्न. सोपं लक्षात ठेवायचं तर असं, प्रोपिशिएट करतात ते देवाला, रागावलेल्याला प्रसन्न करणं, आणि एक्स्पिएट करतात ते पापाला, डाग धुऊन काढणं. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही छटा काढता येतात म्हणून भांडण. सी. एच. डॉड या अभ्यासकाने १९३० च्या दशकात मांडलं की बायबलचा देव असा बळी देऊन मनधरणी करावी लागणारा नाही, म्हणून एक्स्पिएशनच बरोबर. लिऑन मॉरिसने १९५५ मध्ये उलट मांडलं की देवाचा क्रोध बायबलमध्ये जागोजागी आहे, तो असा पुसून टाकता येणार नाही. पुढे काही भाषांतरांनी दोन्ही टाळून ‘प्रायश्चित्ताचा यज्ञ’ अशा धर्तीचं काहीतरी घेतलं, काहींनी परत प्रोपिशिएशन आणलं. मराठी बायबलने प्रायश्चित्त हा एकच शब्द धरला त्यामुळे आपल्याकडे हा वाद पोचलाच नाही. मला डॉडचं म्हणणं जास्त पटतं, पण हा शेवटी श्रद्धेचा प्रश्न आहे, तुमच्या फादरांशी बोलून बघा.

प्रश्न : आम्हा ज्यूंच्या यॉम किप्पूर या सणाला इंग्रजीत ‘डे ऑफ अटोनमेंट’ म्हणतात, हा अटोनमेंट पण लॅटिनच का? – एक वाचक, अश्दोद, इस्रायल

उत्तर : नाही. हा इंग्रजीच्या घरातच जुळवलेला शब्द आहे, ‘अ‍ॅट’ आणि ‘वन’ जोडून, म्हणजे एक होणं, दुरावा मिटणं. सोळाव्या शतकात विल्यम टिंडलच्या बायबलच्या भाषांतरामुळे तो पक्का झाला. किप्पूर तर हिब्रू. तुमच्या बेने इस्राएल मंडळींची कोकणातली जुनी माणसं या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायची, दारं लावून घरात बसायचं, पांढरे कपडे, कडक उपास. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात या दिवसाबद्दल एक वाक्य आहे ते मला एक्स्पिएशनच्या सगळ्या चर्चेत सगळ्यात सरळ वाटतं : माणूस आणि देव यांच्यातले अपराध हा दिवस मिटवतो, पण माणसामाणसांतले मिटवत नाही, जोपर्यंत आपण जाऊन त्या माणसाची समजूत घालत नाही. रोमन पुरोहितांच्या यादीत ही अट मला कुठे दिसली नाही.

प्रश्न : पेनल्टी, पेनन्स, पेनिटेन्शरी, सगळे एकाच मुळाचे ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पेनल्टी वेगळा. तो ‘पोएना’वरून, म्हणजे दंड, आणि तो रोमनांनी ग्रीकांकडून घेतलेला. पेनन्स, रिपेंट आणि पेनिटेन्शरी हे ‘पेनितेत’वरून, म्हणजे खंत वाटणं. दोन्ही ऐकायला इतके सारखे की मध्ययुगात लोक पेनितेन्तियाचं स्पेलिंगही पोएनासारखं करायला लागले. पेनिटेन्शरी म्हणजे तुरुंग कसा झाला तर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या काही धार्मिक सुधारकांना वाटलं की कैद्याला एकटं ठेवलं की तो आत वळून बघेल, त्याला खंत वाटेल. १८२९ मध्ये तिथे ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी सुरू झाली, प्रत्येकाला वेगळी कोठडी, कोणाशी बोलणं नाही, बाहेर काढताना चेहऱ्यावर बुरखा. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये ती बघून आला आणि त्याने लिहिलं की मनाचा असा छळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा वाईट. खंत अशी कोंडून उगवत नाही, माणसं वेडी होतात, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. तो तुरुंग १९७१ मध्ये बंद झाला, आता तिथे तिकीट काढून आत जाता येतं.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गावाचं नाव नक्की लिहा, नाव छापायचं नसेल तर तेही कळवा.